खिडकीला पसंत पडलेला स्विंग

किल्डोरनच्या गोल्फ क्लबात एक मोठी खिडकी आहे आणि तिच्यातून चेंडू पडलेला दिसत नाही. पहिल्या होलसमोर शंभर पावलांवर वाळूचा उंचवटा आहे. मारलेला चेंडू त्याच्यावरून पलीकडे जातो. तो मोकळ्या गवतावर पडला, काटेरी झुडपांत गेला की खाडीत, हे उंचवटा ओलांडल्यावरच कळतं. खिडकीतून दिसतो तो फक्त मारणारा माणूस. तरीही नव्वद वर्षं या गावचा संघ त्याच खिडकीत बसून निवडला जातो, आणि यात काही चुकतंय असं तिथे बसणाऱ्या एकालाही अजून वाटलेलं नाही.

गावात विचारतात तेही तसंच. "खिडकी काय म्हणाली?" फटका आवडला तर खिडकीतलं कुणीतरी बोटातल्या अंगठीने काचेवर टकटक करतं. दोन टकटक म्हणजे बरा. तीन म्हणजे उत्तम. माणसं त्या तीन टकटकींसाठी आयुष्य घालवतात. खोटं वाटेल, पण मी घालवलेली पाहिली आहेत.

मी या क्लबाचा प्रो. दुकान सांभाळणं, स्टिकांच्या मुठी बदलणं आणि शिकवणं ही माझी कामं. मला इथे घेतलं ते माझ्या स्विंगकडे, म्हणजे स्टिक फिरवायच्या ढबीकडे, पाहून. तरुणपणी एका साप्ताहिकाने माझ्या स्विंगची बारा छायाचित्रं ओळीने छापली होती. मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत मी तीनदा उतरलो आणि तिन्ही वेळा बाहेर पडलो, हे त्या बारांपैकी एकाही चित्रात दिसत नाही. खिडकीने तेही विचारलं नाही.

१९८२ च्या ऑक्टोबरात पोर्टलुइनच्या क्लबाचं पत्र आलं. दर सप्टेंबरात त्यांच्याशी आमचा ढालीचा सामना होतो, आठ विरुद्ध आठ. पुढच्या वर्षीपासून आठांत दोन बायका असाव्यात, असं त्यांनी कळवलं. आमच्या कमिटीने नाक मुरडलं, पण हो म्हटलं. दोघींपैकी एक कॅप्टनची मेहुणी, हे ठरल्यासारखंच होतं. दुसरी एफी गिलांडर्स असायला हवी होती, कारण सलग चार वर्षं बायकांची अजिंक्य तीच होती. त्या वर्षी तर टोपी उडवणाऱ्या वाऱ्यात तिने सत्त्याहत्तर फटक्यांत फेरी संपवली होती. तिच्या खालोखालच्या बाईला शहाऐंशी लागले.

एफी टपाल वाटायची. वय एकतीस. तिचे वडील चाळीस वर्षं आमचं गवत कापत होते आणि क्लबाच्या पुढच्या दाराने एकदाही आत आले नाहीत. ढालीच्या संघातल्यांची नावं दिवाणखान्यातल्या फळीवर सोनेरी अक्षरांत रंगवतात. तिला त्या फळीवर गिलांडर्स हे आडनाव हवं होतं. हे तिने कधी लपवलं नाही.

अडचण होती तिच्या हातांची. घरामागच्या कुरणात तीन भावांबरोबर ती शिंटी खेळत वाढली. वाकड्या काठ्यांचा, नडग्या फोडणारा हा आमच्या दऱ्याखोऱ्यांतला खेळ. त्यामुळे स्टिक धरताना तिचा डावा हात खाली आणि उजवा वर यायचा, म्हणजे साऱ्या जगाच्या उलट. काठी कमरेच्या वर जायची नाही. पाय घसटत पुढे सरकायचे. एकूण थाट असा, की बाई कुंपणाकडेची खाजकुयली तोडतेय. आणि चेंडू? चेंडू माणसाच्या उंचीने सरळ निघायचा, वाऱ्याच्या खालून जायचा, पडल्यावर चाळीस पावलं धावायचा आणि तिला हवा तिथे थांबायचा. दर वेळी.

खिडकीने तिच्यासाठी काच कधी वाजवली नव्हती. एकदा आतून हसण्याचा आवाज मात्र आला होता.

नोव्हेंबरात कॅप्टन अर्कहार्टने मला वर बोलावलं. तो वकील. खिडकीतली मधली खुर्ची त्याची.

"डल्गार्नो, ती टपालवाली."

"एफी गिलांडर्स."

"तीच. घ्यायला हरकत नाही, खेळते म्हणतात बरी. पण पोर्टलुइनची माणसं इथे, या काचेसमोर उभी असणार. तिचं ते कुऱ्हाड चालवणं बघून काय म्हणतील? तुम्ही तिला स्विंग शिकवा. सप्टेंबरपर्यंत बाईमाणसासारखी मारायला लागली, तर तिचं नाव पक्कं."

"आणि नाही लागली तर?"

"तर दुसरी कुणी बघू. घाई कुठे आहे?"

मी त्याच वेळी काय बोलायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. स्टिक चेंडूला भेटते ती वीतभर अंतरात. त्याच्या आधी आणि नंतर माणसाने हवा तसा नाच करावा. त्या वीतभरात पातं सरळ आणि वेगात असलं की झालं, चेंडूला डोळे नसतात. आणि आमच्या किनाऱ्यावर, जिथे वारा वर्षातून दहा दिवस रजा घेतो, तिथे खाली राहणारा चेंडू म्हणजे देवाची देणगी. हे सगळं मी पोराटोरांना शिकवताना म्हणतो. अर्कहार्टला म्हटलं नाही. भीतीने नव्हे. मला हाव सुटली. तिची ती ताकद, ती नजर, आणि तिच्यावर माझा स्विंग. तीस वर्षांत असं कापड हाती आलं नव्हतं.

एफीला सांगितलं तेव्हा ती दुकानाच्या दारात टपालाची पिशवी खांद्यावर घेऊन उभी होती.

"म्हणजे मी जिंकते ते चालत नाही?"

"चालतं. दिसत नाही चांगलं."

"कुणाला?"

मी वर बोट केलं. तिने खिडकीकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"मास्तर, तुम्हाला काय वाटतं? बिघडणार नाही ना माझा खेळ?"

"आधी थोडा बिघडेल. मग याच्या दुप्पट होईल."

माझ्या तोंडचं हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं.

ती हिवाळाभर आली. टपाल वाटून झालं की दुपारी दोनला, बोटं निळी पडलेली. मी तिचे हात बदलले, पाय बदलले, खांदे फिरवायला लावले. डोकं स्थिर. काठी वर, अगदी वर, मग क्षणभर थांबल्यासारखं, मग खाली, आणि शेवटी सगळं अंग डाव्या पायावर येऊन चित्रासारखं उभं. पहिले दोन महिने तिचे हात पुन्हा पुन्हा जुन्या जागी जायचे. मी ते सोडवायचो. बोटं एकेक करून सोडवायचो, लहान मुलाच्या मुठीतून मातीचं ढेकूळ काढून घ्यावं तसं.

मार्चमध्ये तो स्विंग आला. काय सांगू! कसलीही घाई नाही, कुठे खटका नाही, आणि पात्याचा वेग बघणाऱ्याला कळू नये इतका गोल. सुंदर स्विंग म्हणजे हेच. कष्ट दिसत नाहीत. पहिल्या होलवर तिने तो मारला आणि वरून तीन टकटक ऐकू आल्या. थांबून आणखी एक आली. चौथी मी कधी ऐकली नव्हती. माझ्या स्वतःसाठीसुद्धा नाही.

मी उंचवट्यावर चढून पलीकडे पाहिलं. चेंडू उंच, फार उंच गेला होता. वाऱ्याने तो उचलून खाडीकडे नेला होता. दलदलीत एक बगळा तेवढा दचकून उडाला.

मी खाली उतरलो. तिने विचारलं, "कुठे आहे?"

"जरा डावीकडे," मी म्हणालो.

मेमध्ये तिला शहाऐंशी लागले, जूनमध्ये एक्क्याण्णव. जुलैच्या स्पर्धेत ती शाळेच्या स्वयंपाकीणबाईकडून हरली. त्या बाईला बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, बाहेर यायला कधीकधी पाच फटके लागतात. ऑगस्टमध्ये तिने मला न सांगता जुने हात लावून पाहिले. तेही गेले होते. काठी कमरेपर्यंत आली की अंगातलं अर्धं म्हणायचं इथेच थांब, अर्धं म्हणायचं अजून वर चल, आणि चेंडू मधल्यामध्ये मरायचा. तिच्या भावाने हे मला पिठाच्या दुकानात सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, माझ्या गळ्याकडे पाहत होता.

संघाची यादी लागली. एफी गिलांडर्स, पाचवं नाव.

मी वर गेलो. तेव्हा दार वाजवलं नाही. अर्कहार्ट मटणाची पेस्ट्री खात होता, बाकीचे तिघे चहा पीत होते.

"तिला या हालतीत खेळवू नका," मी म्हणालो. "नाहीतर सामन्यापर्यंत तिला माझ्याकडे सोडा, जुने हात परत आणायचा प्रयत्न करू. ही तिची कार्डं. शहाऐंशी, एक्क्याण्णव, अठ्ठ्याऐंशी."

"कार्डं काय, येतात जातात," अर्कहार्ट म्हणाला. "असा स्विंग एकदा आला की राहतो. आम्ही रोज बघतोय ना इथून."

"इथून काय दिसतं तुम्हाला? उठा! उठा त्या खुर्चीवरून आणि चला माझ्याबरोबर उंचवट्यापर्यंत. शंभर पावलं आहेत. चेंडू कुठे पडतो तेवढं एकदा बघा."

कुणी उठलं नाही. त्या तिघांतल्या म्हाताऱ्या डॉक्टरने चष्मा पुसला.

"डल्गार्नो," तो म्हणाला, "आम्ही म्हणालो तसं तुम्ही केलंत. छान केलंत. आता स्वतःच्याच कामावर चिखल का उडवताय?"

मी कार्डं टेबलावर फेकली. एक पेस्ट्रीवर पडलं. अर्कहार्टने ते दोन बोटांनी उचलून रस्सा झटकला आणि मला परत दिलं.

सामन्याच्या दिवशी वारा पश्चिमेचा होता, म्हणजे नेहमीचा. एफीच्या वाट्याला पोर्टलुइनच्या मिसेस टॉश आल्या. मासळीचं दुकान, वय साठीचं, कमरेचा घेर पिंपासारखा. त्यांचा स्विंग म्हणजे दारात आलेल्या कुत्र्याला केरसुणीने हाकलणं. त्यांच्या पहिल्या फटक्यावर खिडकीत कुणीतरी हसलं. एफीच्या फटक्यावर चार टकटक झाल्या, आणि आमच्या गावच्या लोकांनी मान वर करून पोर्टलुइनवाल्यांकडे पाहिलं.

उंचवट्यापलीकडे मिसेस टॉशचा चेंडू मधोमध पडला होता. एफीचा काट्यांत होता.

ढालीच्या सामन्यात फटके नाही, जिंकलेले होल मोजतात. तिसऱ्या होलपर्यंत ती तीनने मागे होती. मी बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या या बाजूने चालत होतो. सातव्यावर मिसेस टॉश तिच्याजवळ गेल्या आणि मनापासून म्हणाल्या, "किती गोड मारतेस गं पोरी. बघत राहावंसं वाटतं. कुणी शिकवलं?"

एफीने माझ्याकडे हनुवटी केली.

मिसेस टॉशनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हा? आणि तुम्ही याला गावात राहू दिलंत?"

आसपासचे हसले. एफी हसली नाही.

बाराव्या होलवर सामना संपला. ती सातने मागे आणि उरलेले होल सहा. मिसेस टॉशनी तिचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "तुला चार वर्षांपूर्वी आमच्याकडे वादळात खेळताना पाहिलं होतं मी. आज येताना घाबरले होते गं. ती कुठे गेली?"

एफीने हात सोडवून घेतला.

आम्ही ढाल साडेचार विरुद्ध साडेतीनने गमावली. एका गुणाने. तो गुण कुणाचा, हे सरळ गणित होतं. खिडकीने मात्र दोष दिला आमच्या संघातल्या एका घरांच्या दलालाला, कारण त्याने खिडकीखालच्या शेवटच्या होलवर हातभर अंतरावरून चुकवलं आणि ते खिडकीतून दिसलं.

दिवाणखान्यात अर्कहार्ट ग्लास घेऊन एफीकडे आला. "मिस गिलांडर्स, मनाला लावून घेऊ नका. आज आमच्याकडून सर्वांत सुंदर तुम्हीच मारलंत. पोर्टलुइनचा कॅप्टन मला म्हणाला, ही कुठे लपवली होती?"

"माझा पहिला चेंडू कुठे पडला, सांगता?" एफीने विचारलं.

"आता वारा होता आज, त्याला कोण काय करणार?"

"इथे वारा नसतो तो दिवस सांगा. नाही, सांगाच. तुम्ही इथे रोज बसता."

"हे बघा, आवाज..."

"माझे वडील चाळीस वर्षं त्या उंचवट्यापलीकडचं गवत कापत होते. ते कुठलं गवत, हेसुद्धा तुम्हाला माहीत नाही. तुम्ही तिकडे कधी गेलाच नाहीत. तुमचे चेंडू कोण शोधून आणायचं, कॅप्टनसाहेब? त्या काचेवर टकटक करता ना, तीच अंगठी..." तिने पुढचं गिळलं. "माझं नाव फळीवर रंगवायचं नाही. रंगवलंत तर मी चाकूने खरवडीन."

कुणीतरी म्हणालं, बाई चिडली आहे. जणू ते आजाराचं नाव होतं.

मी तिच्या मागे बाहेर गेलो. ती सायकलला स्टिकांची पिशवी बांधत होती. दोरीला चार गाठी पडल्या तरी थांबत नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"मार्चपासून." मग मी खरं सांगितलं. "नाही. नोव्हेंबरपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"छान दिसत होतं."

मला वाटलं ती मारेल. मारायला हवं होतं. तिने सायकलच्या सीटवर दोन्ही हात ठेवले.

"त्यांना निदान चेंडू दिसत नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही उंचवट्यावर उभे होतात, मास्तर."

त्यानंतर दोन आठवडे तिने माझं टपाल दाराखालून सरकवलं. मग एका संध्याकाळी दुकानात आली. बसली नाही.

"मला माझे हात परत हवेत. तुमची मदत लागेल, पण शिकवायची नाही. एक शब्द बोलायचा नाही. जुन्या मेंढ्यांच्या कुरणात मी मारीन. तुम्ही दीडशे पावलं पुढे, माझ्याकडे पाठ करून उभं राहायचं. चेंडू पडला की हात करायचा. डावीकडे, उजवीकडे, अलीकडे, पलीकडे. बस. मी कशी मारते ते बघायचं नाही. वळून बघितलंत, तर तिथेच संपलं."

"आणि चेंडू पाठीत बसला तर?"

"तर सरळ गेला असं समजायचं."

मी गेलो. रोज चार वाजता, दीडशे पावलं पुढे, तोंड समुद्राकडे. चेंडू मागून यायचे. पहिला आठवडा ते कुठेही पडत, दोनदा माझ्या बरेच मागे थांबले, हे नुसत्या आवाजावरून कळलं. मी हात करायचो. डावीकडे. डावीकडे. अलीकडे. एक चेंडू कमरेवर बसला, निळं झालं. मी हात सरळ वर केला. मागे ती हसली की नाही, कळलं नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी चेंडूंकडे पाहत होतो. ते काम अवघड होतं. सगळा जीव मानेच्या मागे जमायचा. प्रत्येक फटक्याला वाटायचं, आता खांदा कुठे असेल, डोकं वर आलं असेल का. दात ओठ खाऊन मी समोर पाहत राहायचो.

तिसऱ्या आठवड्यात फटके एका रेषेत येऊ लागले. उंची कमी झाली. गुरुवारी पाऊस भुरभुरत होता. चार चेंडू माझ्या उजवीकडून, कुंपणाच्या उंचीने, ओळीने गेले. मी चार वेळा हात केला. पाचव्याचा आवाज वेगळा होता. स्टिक चेंडूला लागल्याचा असा आवाज मी चाळीस वर्षांत फार तर दहा वेळा ऐकला असेल. जाड, बुटका, ओल्या लाकडावर घण बसावा तसा. कानाशेजारून काहीतरी सूं करत गेलं.

मी वळलो.

ती स्टिक संपवून उभी होती. हात कसे होते, पाय कुठे होते, ते सगळं मी पाहिलं. ते मी कुणाला सांगणार नाही.

तिने स्टिक खाली केली आणि माझ्या दिशेने चालत आली. दीडशे पावलं, सावकाश. ओरडली नाही.

"चेंडू कुठे पडला?"

मी समुद्राकडे पाहिलं. नुसतं गवत होतं, आणि पाऊस.

"मास्तर, मी विचारतेय. कुठे पडला?"

मला सांगता आलं नाही.

ती माझ्या बाजूने पुढे गेली, गवत पायाने सारत. बरंच पुढे गेली. वाकली, चेंडू उचलला, स्कर्टला पुसला, खिशात टाकला आणि कुंपण ओलांडून तिथूनच घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून कुरणात तिची वहिनी उभी राहते. वहिनीला गोल्फमधलं काही कळत नाही. ती समुद्राकडे तोंड करून विणत असते आणि चेंडू पडला की सुई त्या बाजूला दाखवते.